निवळबाबांचा पेला

जुन्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मधे पाटावर निवळबाबा. त्यांच्यापुढे काचेच्या पेल्यात शाईसारखं काळं पाणी. ज्याची पाळी येई त्याच्या बोटाला बाबा सुई टोचत, ओल्या कापसाने रक्त टिपत आणि बोळा पेल्यात पिळत. पाणी लख्ख झालं की शिष्य ओरडे, "निवळलं! रक्त शुद्ध!"

"दवाखान्याच्या मशीनला वीज लागते," बाबा म्हणत. "मला लागत नाही!"

गंमत अशी, की पुरुषाचं पाणी हमखास निवळे आणि बाईचं काळंच राही. याचं एकाही पुरुषाला नवल वाटलं नव्हतं. गर्दी वाढली होती ती त्यामुळेच.

कोपऱ्यावरचा पंक्चरवालाही त्या दिवशी निवळून घरी आला. त्याची बायको गरोदर होती. तपासणीत तिला एचआयव्ही निघाला होता. सिस्टरने गोळ्या सुरू करून नवऱ्याला आणायला सांगितलं होतं. पण दवाखान्याचं नाव काढलं की याला दुकानात हटकून काम निघे.

"झालं समाधान?" बोट चोखत तो म्हणाला. "नवरा निवळला म्हणजे घर निवळलं. बाबांनी सांगितलंय, त्या गोळ्या बंद. बाळाला त्याच बाधतील."

"बोट का चोखताय?"

"झोंबतंय. बाबांचं तेज आहे ते."

"चवीला कसं आहे?"

"काय?"

"तेज."

तो ओशाळला. "आंबट."

तिने दारातूनच शेजारच्या शिंपीणबाईंना हाक मारली. त्यांचं पाणी काळं राहिल्यापासून सासू त्यांच्याशी बोलत नव्हती. "काकू, बाबांकडे बोट झोंबलं होतं का हो?"

"बोट नाही गं. बाकी सगळं झोंबलं."

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मीही येते. माझं पाणी निवळलं तर गोळ्या बंद." पंक्चरवाला खूश झाला.

बाबांनी सुई उचलली तशी ती म्हणाली, "राहू दे. माझी सुई मी घरून आणलीय." बाबांसमोर ओल्या कापसाच्या दोन ताटल्या होत्या. तिने बोट टोचून उजव्या ताटलीतला बोळा उचलला.

"ओ बाई, ती पुरुषांची!" शिष्य ओरडला.

"का? कापसातही नर-मादी असते?"

तिने रक्त टिपून बोळा पेल्यात पिळला. पाणी लख्ख! बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"पतीची पुण्याई!" बाबा सावरले.

"मग पतीलाच बघू." तिने नवऱ्याचं काल टोचलेलं बोट दाबून डाव्या ताटलीतल्या बोळ्याने टिपलं आणि तो नव्या पेल्यात पिळला. पाणी काळं ते काळंच. पंक्चरवाल्याचे कान तापले.

"काल इथून गेल्यावर याने पाप केलंय!" बाबा गरजले.

"काल इथून ते दुकानात गेले. ट्रकचं टायर जोडत होते."

"टायरबरोबर पाप?" मागून कुणीतरी म्हणालं आणि गोदामात हशा पिकला. तोवर शिंपीणबाईंनी दोन्ही ताटल्यांत बोट बुडवून चाखलं होतं. "हे आंबट. हे नुसतं पाणी!"

बाबा मागच्या दाराने निवळले.

तिथून ती नवऱ्याला घेऊन थेट दवाखान्यात गेली. सिस्टरने पेलाभर पाण्यात स्टार्च आणि जखमेला लावायचं आयोडीन टाकलं. पाणी काळं झालं. त्यात क जीवनसत्त्वाच्या आंबट गोळीची पूड ढवळली. लख्ख. "रक्ताचा थेंबही लागला नाही. हा चमत्कार मेडिकलच्या दुकानात मिळतो."

"पण मी तर ठणठणीत आहे," पंक्चरवाला पुटपुटला.

"गिऱ्हाईक म्हणालं ट्यूब ठणठणीत दिसते," बायको म्हणाली, "तर पाण्यात न बुडवता परत देता?"

त्याने हात पुढे केला.

त्यालाही एचआयव्ही निघाला. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली. "मग हे आधी कुणाला..."

"ते चाचणी सांगत नाही," सिस्टर म्हणाली. "असलं काही फक्त बाबांचा पेला सांगतो."

त्याने विचारलं, "आणि बाळ?"

"आईच्या गोळ्या चुकल्या नाहीत आणि जन्मल्यावर बाळाला औषध मिळालं, तर बाळाला लागण होण्याची भीती अगदी थोडी. त्याच गोळ्या तुम्ही काल बंद करत होतात."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती पिशवीतून गोळ्यांची डबी काढत होती. त्याने जाऊन पाण्याचा ग्लास भरून आणला.

फाटकाबाहेर नवरेमंडळी स्कूटरवर टेकून उभी होती. बायका आत, हे बाहेर. एकाने हटकलं, "काय रे, निवळलं का?"

"नाही. पण कळलं." तो फाटकाशीच थांबला. "आत चला सगळे. बाबांची एकच सुई आपल्या सगळ्यांच्या बोटांत फिरलीय. आणि मूल दोघांचं, मग तपासणी एकटीचीच का? घाबरू नका. इथे सुई प्रत्येकाला नवी असते आणि कापूस सगळ्यांना एकाच डब्यातला."