सुट्टीवरचा ताणकाटा

उटीची गाजरं.

धर्मशाळेच्या खोलीत, खिडकीशी शिजणारा भात.

"अहो, नीट धरा."

हंपीच्या बाजारात केळ्यांची फणी, आणि बघत उभे राहिलेले चार लोक.

मित्रांनो, हे सगळं माझंच आहे. मी एक जुना ताणकाटा आहे. वर कडी, मधे पितळी पट्टी, आत स्प्रिंग, खाली हूक. अकोल्याच्या सुनंदाबाईंनी मला भांड्यांच्या दुकानातून घेतलं, आणि त्यानंतर त्यांची एकही सुट्टी माझ्यावाचून झाली नाही.

त्यांची रीतच होती. नव्या गावी उतरलं की राजवाडा नंतर, आधी भाजीबाजार. हॉटेलात जेवायचं नाही. घासाघीस करून भाजी घ्यायची, विकणाऱ्यासमोर माझ्यावर तोलायची आणि खोलीवर रांधायची. त्यांचे यजमान बिंदुमाधवराव एका हाताने माझी कडी धरत. पिशवी हलू नये म्हणून दुसरा हात हुकाशी ठेवत. सुनंदाबाई चष्मा सरसावून वजन वाचत.

"चोख. मला फसवायची कोणाची छाती नाही," त्या म्हणत.

"नाहीच," बिंदुमाधवराव म्हणत.

परतीच्या गाडीत त्या शेजारच्या बाईलाही हे सांगत. तेव्हा मला फार मान होता.

मागच्या वर्षी बिंदुमाधवराव वारले. थंडीत मुलाने, ध्रुवने, आईला बेंगळुरूला आणलं, बेळ्ळंदूरच्या चौदाव्या मजल्यावर.

"आई, सुट्टीला आलीयेस ना? भाजी फोनवर मागवू. दहा मिनिटांत येते."

"फोनवर हाताळता येते का? आणि मला एकदा बघू दे, एकटीला जमतंय का ते."

ध्रुवने फोन खिशात ठेवला. सुनंदाबाईंनी मला पर्समधून काढलं, फडक्याने पुसलं. स्वयंपाकाला येणारी निपाणीकडची गंगव्वा सोबत निघाली. फाटकाबाहेर धनलक्ष्मीची हातगाडी होती, पावट्याच्या शेंगांनी भरलेली. घासाघीस झाली, किलोभर शेंगा पिशवीत पडल्या. सुनंदाबाईंनी पिशवी माझ्या हुकाला अडकवली आणि मला एकटीने उचललं.

नऊशे ग्रॅम.

"शंभर ग्रॅम कुठे सांडले हो?"

धनलक्ष्मी कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. गंगव्वाने सांगितलं, "ती म्हणत्या, माप सरी हाय, बरोबर हाय. वजनावर सरकारी शिक्का हाय."

"शिक्का मारलेलेच जास्त लबाड. आमचे हे धरायचे, तेव्हा एकाही गावात कमी भरलं नाही. तुमच्याच बेंगळुरूत बरं कमी भरतं."

गाडीभोवतीची माणसं थांबून ऐकू लागली. धनलक्ष्मीने पिशवी रिकामी केली, आपलं एक किलोचं लोखंडी वजन तिच्यात ठेवलं आणि पिशवी पुन्हा माझ्या हुकाला अडकवली.

नऊशे.

"नोडी, अक्का," ती हळूच म्हणाली. बघा, ताई.

"काटाच म्हातारा झालाय, अव्वा," गंगव्वा म्हणाली. "जाऊ द्या की. स्प्रिंग गंजल्या."

"आजची नाही गंजलेली ही. किती वर्षं..." सुनंदाबाई पुटपुटल्या.

त्यांनी चष्मा वर केला आणि मला डोळ्यांजवळ नेलं. माझा हूकही सगळा तांबूस झाला आहे, पण त्याच्या वळणावर एक जागा चकचकीत आहे. बोट टेकेल एवढीच. सुनंदाबाईंनी तिथे करंगळी ठेवली आणि जरासं खाली दाबलं. माझी सुई बरोबर किलोवर आली.

दर सुट्टीत, दर बाजारात ती अशीच येत होती.

"आमच्या ह्यांना भांडण सोसायचं नाही," त्या गंगव्वाला म्हणाल्या. मग धनलक्ष्मीकडे वळल्या. "चुकलं माझं, बाई. त्या शेंगा घाल परत."

लिफ्टमध्ये त्यांनी मला मुठीत घट्ट धरलं होतं. वर आल्यावर ध्रुवने विचारलं, "काय मग, जमलं?" त्या म्हणाल्या, "उद्यापासून तूच मागव."

आता मी स्वयंपाकघराच्या खणात आहे, बाटल्यांच्या झाकणांमध्ये आणि तुटक्या चार्जरशेजारी. माझ्यावर कोणी काही तोलत नाही. कधी दुपारी ध्रुव कामावर असताना खण उघडतो. सुनंदाबाई मला बाहेर काढत नाहीत. नुसती करंगळी लावतात आणि खण बंद करतात.

मित्रांनो, घरातल्या काट्याला अधूनमधून तेलाचा थेंब द्या. खऱ्या वजनाशी त्याला पडताळून बघा. आणि तो कोणाच्या हातात आहे, त्या हाताकडेही बघा, तो हात आहे तोवर.

कन्याकुमारीला ती दोघं हात धरून समुद्रात उतरली, तेव्हा मी बिंदुमाधवरावांच्या खिशात होतो.