दोन कानांची टोपली

मित्रांनो, माझ्या तळाला तीन ठिगळे आहेत आणि तिन्ही मी मिरवते. पहिली दोन माझ्या मालकीणबाईंनी, सलूहाबाईंनी लावली. तिसरे जरा वाकडे आहे. ते कुणी लावले, ते शेवटी सांगते.

मी एक जुनी टोपली आहे, समुद्रकाठच्या स्फाक्स शहरातल्या सी शादली यांच्या घरची; ‘सी’ म्हणजे आमच्याकडचे ‘श्रीयुत’. माझा जन्म गाबेस गावच्या खजुरीच्या पात्यांतून झाला. तिथल्या एका बाईने ती पाती दोन दिवस ओली ठेवली, त्यांच्या चार बोटे रुंद पट्ट्या विणल्या आणि पट्टीला पट्टी शिवत मला घडवले. ओले पाते वाकते, कोरडे मोडते. तिची सारी विद्या एवढ्यावर उभी होती, आणि माझे आयुष्यही. शेवटी तिने मला दोन लांब कान लावले, म्हणजे धरायचे बंद.

आमच्याकडे घरचा बाजार पुरुष करतात, आणि पुरुषाची पारख त्याच्या टोपलीवरून होते. सी शादली शाळेत गणित शिकवत. तेवीस वर्षे मी त्यांच्याबरोबर बाजारात गेले. बटाटे खाली, त्यावर भोपळा, मग टोमॅटो, सर्वांत वर पुदिना. अकरा किलो भरले तरी एक टोमॅटो कधी फुटला नाही. मासळीबाजारात हमादी त्यांना लांबूनच हाक मारी, “या सी शादली! तुम्ही दिसलात की माझे मासे घाबरतात. म्हणतात, परीक्षक आला!”

परतताना गल्लीच्या तोंडाशी शेजारचे तिजानी उभे असत. ते न विचारता माझी कड उचलून आत डोकावत. त्याचा इथे कुणाला राग येत नाही.

“टरबूज कितीला, शादली?”

“तुला मिळतं त्याच्यापेक्षा स्वस्त.”

“बडवून, आवाज ऐकून घेतलंस वाटतं?”

“हो. आणि तू घेतलेलं टरबूज पाहून तुलाच बडवावंसं वाटतं!”

सगळी गल्ली हसे. त्या वेळी माझे अंग किती फुगत असेल, याची कल्पना करा. मित्रांनो, स्फाक्समध्ये चांगली टोपली म्हणजे घराची अब्रू.

मग गेल्या वर्षी काहीतरी बदलले. सी शादली टोमॅटो दोनदा चाचपू लागले. नाणी कडेवरून बोट फिरवून ओळखू लागले. पायरी आली की माझे कान त्यांच्या मुठीत आवळले जात. त्यांच्या डोळ्यांवर पडदा येत होता. हे घरात कुणाला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते, पण टोपलीला कान असले तरी तोंड नसते. ते का लपवतात, तेही मी जाणून होते. राजधानीत राहणारा मुलगा एकदा म्हणाला होता, “बाबा, आता बाजार पुरे. फोन केला की सामान दारात येतं.” त्या दिवशी रस्त्याने ते पुटपुटले होते, “एकदा घरात बसलो की बसलोच.”

रमजानचे शेवटचे दिवस आले. ईदच्या सकाळी स्फाक्सच्या प्रत्येक घरात खारवलेला मासा आणि कांदा-मनुकांची दाट चटणी, म्हणजे शरमूला असते. तो मासा निवडणे ही वर्षाची सर्वांत मोठी परीक्षा. चांगला खारवलेला मासा पांढुरका असतो. पिवळट पडला की समजावे, त्यातली चरबी खवट झाली आहे. नेमकी त्या दिवशी सी शादलींना सर्दी होती, त्यामुळे नाकही मदतीला नव्हते. गर्दीत ते चुकून हमादीच्या शेजारच्या गाळ्यावर उभे राहिले आणि तो माणूस देईल तो मासा त्यांनी घेतला. माझ्या तळाशी तो पिवळा मासा पडला, तेव्हा मला पहिल्यांदा माझीच लाज वाटली.

सलूहाबाईंनी दारातच माझ्यावरचे फडके उचलले आणि मासा पाहिला. तेवढ्यात मागून तिजानी आले आणि सवयीने माझ्यात डोकावले.

“अरे देवा, शादली! हा ईदचा मासा?”

सी शादलींनी मला पाठीमागे ओढले. सलूहाबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, “आमचा मासा उद्या येणार आहे. हा मी मांजरांसाठी मागवला.”

“मांजरांसाठी? विकत? आपल्या काटकसरी स्फाक्समध्ये?”

“रमजान आहे, पुण्य लागतं. तुम्हीही कधी करून बघा.”

तिजानी डोके खाजवत निघून गेले. दार लागले.

“पिवळा आहे का गं?” सी शादलींनी हळूच विचारले.

“लिंबासारखा.”

ते माझ्याशेजारी जमिनीवर बसले. “आता मुलाला फोन करशील.”

“त्याला कशाला? उद्या टोपलीचा एक कान मला द्या.”

दुसऱ्या दिवशी, तेवीस वर्षांत प्रथमच, माझे दोन कान दोन हातांत होते. हमादीच्या गाळ्यावर सी शादलींनी एकेक मासा दाबून पाहिला, बोटाने मिठाचे खडे चाचपले. सलूहाबाई शेजारून टोमणे मारत होत्या.

“हा घेताय? अहो, तुमच्या दातांच्या रंगाचा आहे!”

त्यांनी तो ठेवला.

“आणि हा?”

“हा माझ्या लग्नातल्या पांढऱ्या ओढणीसारखा.”

“मग हाच,” सी शादली म्हणाले. “हमादी, तोल.”

हमादी हसत म्हणाला, “काकी, तुम्ही दोघं मिळून आलात तर मी दुकान बंद करतो!”

गल्लीच्या तोंडाशी तिजानी वाटच पाहत होते. त्यांनी कड उचलली आणि बराच वेळ ती सोडली नाही. “वा! असा मासा या गल्लीत आजवर आला नाही. निवडला कुणी?”

सलूहाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. सी शादलींनी माझ्या पाठीवर थाप मारली.

“हिने,” ते म्हणाले.

मित्रांनो, सबंध गल्लीसमोर!

ईदनंतर सलूहाबाई त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, पडदा निघाला. घरी आल्यावर सी शादलींनी माझा तळ उजेडात धरला, एक नवे भोक पाहिले, दाभण मागितली आणि पहिल्याच प्रयत्नात तिच्यात सुतळी ओवली. तेच हे तिसरे, वाकडे ठिगळ.

आता त्यांना सगळे दिसते. तरी बाजाराला निघताना ते माझा एक कान सलूहाबाईंच्या पुढे करतात. तुमच्याही घरात एखादी जुनी टोपली असेल. उन्हात कडक झाली तर तिच्यावर पाण्याचा हबका मारा, भोक पडले तर ठिगळ लावा. आणि ती उचलून कुणी हळू चालताना दिसले, तर तिचा एक कान तुम्ही धरा. तो त्यासाठीच दिलेला आहे.