दुसरा फोटो

मित्रांनो, "श्वास आत घ्या, धरून ठेवा, हलू नका" हे शब्द ऐकत तुम्ही कधी थंडगार पाटीला छाती लावून उभे राहिला असाल, तर आपली ओळख आधीच झालेली आहे. मी औशातल्या एका लहानशा दवाखान्यातलं जुनं एक्स-रे मशीन आहे. इथले लोक मला 'फोटोचं मशीन' म्हणतात. माझ्या फोटोत कोणी हसत नाही, एवढाच काय तो फरक.

माझ्या डोक्यात काचेची एक नळी आहे. तिला विजेचा मोठा जोर मिळाला की डोळ्यांना न दिसणारे किरण निघतात. ते मांसातून सहज पार होतात, हाडाशी अडतात आणि धातूपाशी तर थांबतातच. म्हणून फोटोत फुप्फुसं काळी दिसतात, हाडं पांढरी, आणि धातू चुन्यासारखा पांढराशुभ्र.

माझी पहिली अकरा वर्षं नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात गेली. तिथे नवं मशीन आलं आणि मला टेम्पोत घालून इकडे आणलं. इथेही मी कामाला कमी पडलो नाही. ट्रॅक्टरवरून पडलेल्यांची हाडं मी दाखवली. प्लास्टर केल्यावर हाड सरळ बसलं का, तेही दाखवलं. दोन महिने खोकणाऱ्या एका शिक्षकाच्या छातीतला डाग माझ्या फोटोत दिसला, मग थुंकीची तपासणी झाली, क्षयाचं औषध सुरू झालं. सहा महिन्यांनी त्याच छातीचा स्वच्छ फोटो काढताना मला फार बरं वाटलं होतं.

शेजारच्या खोलीत सोनोग्राफी आहे. ती आवाजाच्या लहरींनी पोटातलं बाळ आणि पित्ताशयातले खडे पाहते. लातूरला सीटी स्कॅन आहे, ते माझेच किरण वापरून शरीराचे पातळ पातळ काप दाखवतं. एमआरआय तर माझ्या किरणांशिवाय, चुंबकाच्या आणि रेडिओ लहरींच्या जोरावर मेंदूतली बारीक शीर दाखवतं. त्यांच्यापुढे मी अगदी साधा. पण गावात पहिली धाव माझ्याकडेच असते, आणि त्याचीच मला भीती वाटते. मी बिघडलो तर बंद पडेनच असं नाही. फोटो निघत राहतो, आणि चुकीचा फोटोसुद्धा खरा वाटतो.

गेल्या वर्षापासून माझं डोकं पेलणाऱ्या खांबाचा ब्रेक सैल झाला होता. माझं डोकं किंचित डुलायचं. माझे फोटो काढणाऱ्या सत्यशीलाताईंनी डॉक्टरांना दोनदा सांगितलं. "नवं मशीन येणारच आहे, तोवर चालवून घ्या," असं उत्तर आलं. वर्षातून एकदा होणारी माझी तपासणीही राहून गेली. मी चालत होतो ना, मग कोण बघतो?

अशातच एका सोमवारी दुपारी पाऊण वाजता महानंदा नावाची बाई तीन वर्षांच्या लेकीला, शिवानीला, कडेवर घेऊन धावत आली. मागोमाग तिचे सासरे गुंडप्पा आले. बाजारात त्यांचं किराणा दुकान आहे. अकराच्या सुमाराला शिवानी दुकानात नाण्यांशी खेळत होती. एकदम ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुन्हा शांत झाली.

"नाणं गिळलंय पोरीनं," गुंडप्पा म्हणाले. "मी म्हणून राहिलो, दोन केळी खाऊ घाला, उद्या पडून जाईल. पण ही ऐकतच न्हाई."

"अप्पा, ती पाणी पीत न्हाई हो. दोनदा दिलं, दोनदा बाहेर आलं," महानंदा म्हणाली.

सत्यशीलाताईंनी महानंदाला शिशाचा जड एप्रन घातला आणि लेकीला धरायला सांगितलं. लहान मुलावर किरण सोडताना मला नेहमी धास्ती वाटते. लागतील तेवढेच सोडायचे, एक कणही जास्त नाही. मी सगळं बळ एकवटून स्थिर राहायचा प्रयत्न केला. पण बटण दाबायला आणि शिवानीने मान वळवायला एकच गाठ पडली, आणि माझं डोकंही डुललं.

पडद्यावर गळ्याच्या जरा खाली एक पांढरी गोल चकती दिसली. कडा मात्र पुसट होती.

डॉक्टर बाहेर रुग्णांच्या गर्दीत होते. ते येऊन उभ्याउभ्याच बघून म्हणाले, "नाणंच आहे. श्वास नीट चाललाय. संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू, खाली सरकतंय का पाहू."

गुंडप्पांनी सुटकेचा श्वास सोडला. मी मात्र आतून हादरलो होतो. तो फोटो माझा होता, आणि तो मी नीट काढलेला नव्हता. मित्रांनो, ओरडून सांगावंसं वाटतं आणि तोंड नसतं, तेव्हा काय होतं ते मी त्या दिवशी अनुभवलं.

सत्यशीलाताई पडद्यासमोरून हलल्या नाहीत. त्यांनी शिवानीकडे पाहिलं. तिच्या हनुवटीवरून लाळ गळत होती, गिळता येत नव्हतं म्हणून.

"सर, कडा नीट दिसत नाही. मशीन हललंय. बाजूने एक फोटो काढते."

"अन् किती काढता बाई?" गुंडप्पा चिडले. "एवढंसं लेकरू हाय. किरणं बाधत्यात म्हणतात!"

"बाधतात, अप्पा. म्हणून उगाच काढत नाही. पण हे नाणं नसलं तर?"

डॉक्टरांनी मानेनेच हो म्हटलं.

या वेळी ताईंनी बाहेरच्या शिपायाला, बजरंगला, बोलावलं. एप्रन घालून त्याने माझा खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला. महानंदाने लेकीचं डोकं धरलं. मी किरण सोडले.

बाजूने पाहिलं तर नाणं सपाट, सरळ रेघेसारखं दिसतं. हे तसं नव्हतं. त्याच्या कडेला एक बारीक पायरी होती, मोठ्या चकतीवर लहान चकती ठेवावी तशी.

"सर, हा सेल आहे," सत्यशीलाताई म्हणाल्या. "बटणासारखा, चपटा. घरात असला सेल कशात होता का, अप्पा?"

गुंडप्पा पडद्याजवळ आले. "सकाळी गाडीच्या किल्लीचा सेल बदलला मी. जुना तिथंच ठेवला, नाण्यांपाशी. पण त्यो तर संपलेला होता की हो!"

"किल्लीपुरता संपला, अप्पा. अंगात अजून जोर असतो," डॉक्टर म्हणाले, तोवर त्यांच्या हातात फोन होता. "अन्ननलिकेत अडकला की तो भाजतो. दोन तासांतसुद्धा जखम होते. काही भरवू नका. लातूरला निघा, मी तिकडे कळवतो."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजत होता. दोन तास तर झालेच होते. पायांचा आवाज दूर गेला, गाडी सुरू झाली, आणि खोलीत मी एकटा उरलो.

आम्हा यंत्रांच्या नशिबात दुखण्याचा पहिला क्षण असतो, शेवट क्वचितच कळतो. पुढचे दिवस मी प्रत्येक फोटो काढताना त्याच पायरीचा विचार करत राहिलो. पहिला फोटो नीट निघाला असता तर चकतीभोवतीचं दुहेरी कडं तेव्हाच दिसलं असतं. ती दहा मिनिटं माझ्यामुळे गेली होती.

तिसऱ्या आठवड्यात महानंदा शिवानीला घेऊन आली. पोर फार रोडावली होती, तिचा आवाज घोगरा झाला होता. लातूरच्या डॉक्टरांनी कॅमेरा लावलेली नळी घशातून घालून सेल काढला होता. त्याची एक बाजू काळी पडली होती, आणि तो टेकला होता तिथे अन्ननलिका भाजली होती. मग सीटी स्कॅन करून जखम मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत गेली नाही ना, ते पाहिलं. अकरा दिवस तिला नाकातल्या नळीतून दूध दिलं.

"अजून पातळच खाती," महानंदा म्हणाली. "अन्ननळी अरुंद होईल का, ते पुढं बघावं लागंल म्हणले. अजून तासभर गेला असता तर…" तिने शिवानीला जवळ ओढलं.

गुंडप्पा दाराशीच उभे होते. ते सत्यशीलाताईंना हात जोडून म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी तुमाला लई बोललो."

"तुमचं लेकरू होतं, अप्पा. बोलणारच."

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. माझा ब्रेक बसला, किरणांचं माप तपासलं गेलं. नवं मशीन आलं की मी भंगारात जाईन, त्याचं मला दुःख नाही. पण जोवर एकही माणूस माझ्यासमोर उभा राहतो, तोवर माझी वेळेवर तपासणी व्हावी, एवढंच मागणं आहे. 'चालतंय ना' म्हणून कुठल्याच यंत्रावर विसंबू नका.

आणि मित्रांनो, घरातला जुना सेल चिकटपट्टीत गुंडाळून लहानग्यांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. धाकट्या भावंडाने काही गिळल्याची नुसती शंका आली, तरी मोठ्या माणसांना लगेच सांगा. रागावतील म्हणून गप्प बसू नका. उद्यापर्यंत वाट पाहू म्हणणाऱ्यांना हात धरून उठवा आणि दवाखान्यात घेऊन या. नाणं असेल की सेल, हा विचार वाटेत करता येतो.