म्हणे, राणीमातेचा खल!

मित्रांनो, तुमच्या भाषेत खल म्हणजे दुष्ट माणूस, आणि खल म्हणजे कुटायचे दगडी भांडेही. मी दुसरा. पण ज्या घरात माझे आयुष्य गेले तिथली माणसे पाहून आपण पहिला का झालो नाही, असे मला पुष्कळदा वाटले आहे.

मी जुना आहे, करड्या दगडाचा आहे आणि माझे पोट एका बाजूने जास्त झिजले आहे. दा नांगजवळच्या पाथरवटांच्या वस्तीत माझा जन्म झाला. तिथे बुद्धमूर्ती घडवतात. मोठ्या शिळेतून बुद्ध निघतो आणि फेकायच्या तुकड्यांतून आमच्यासारखे खल निघतात. माझ्या शेजारच्या दगडाचा बुद्ध झाला. तो आज कुठल्यातरी देवळात डोळे मिटून बसला असेल. सुटला! मला मात्र तोंड उघडे ठेवून सगळे बघावे लागले.

ह्वे या जुन्या राजधानीच्या शहरातल्या उयेनबाईंनी मला विकत घेतले. तेव्हा त्यांना कोणी बाई म्हणत नसे. लढाई संपून थोडीच वर्षे झाली होती. हरलेल्या बाजूचा म्हणून नवरा लांबच्या छावणीत कैदेत, कडेवर तान्हा क्वांग आणि हंडीत भाताऐवजी रताळी. उयेनने लग्नातली रेशमी वस्त्रे विकली आणि दोंग बा बाजारात सुक्या मासळीच्या ओळीत पोते अंथरून बसली. ती माझ्यात सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, कुटायची. नुसते बदडून सोड्यांची माती होते. कापसासारखा हलका, फुललेला भुगा हवा तर मनगटाला शेवटी एक झटका द्यावा लागतो. तो तिला साधला होता. गिऱ्हाईक आले की ती अशी ओरडायची की शेजारणी कानांवर हात ठेवायच्या. त्या उयेनबद्दल मला आदर होता. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे आदराला फारशी जागा नाही.

तिने नवस बोलला होता. नवरा जिवंत परतला तर जन्मभर कुठल्याही जिवाला खाणार नाही. मांस नाही, मासे नाहीत, अंडे नाही, दूधही नाही. नवरा परतला, काही वर्षे जगला आणि गेला. नवस तिने पाळला. मला लिंबाने आणि राखेने घासघास घासून स्वयंपाकघरात आणले. सोड्यांचा धंदा संपला. इथपर्यंत सगळे ठीक होते.

पुढे दिवस बदलले, घरात पैसा आला आणि उयेनच्या उयेनबाई झाल्या. दर पौर्णिमेला त्या नवसाचे जेवण घालू लागल्या. हात मात्र सोन्याचा, ते नाकारून मी कुठे जाऊ? कमळाच्या बिया घातलेला भात त्या कमळाच्याच पानात बांधून वाफवत. कोवळा फणस, केळफूल, रानातली अळंबी, अननसाचा आंबवलेला रस, ताजी मिरी. माझ्यात टोफू आणि अळंबी एकजीव करून, केळीच्या पानात गुंडाळून त्या उकडत, आणि पान सोडले की आख्खे घर त्या वाफेने भरून जाई.

आणि असे जेवण करून बाई त्याचे काय करत? मासा! सोयादुधाच्या सायीचे थर लावून खवले पाडत, मिरीचा डोळा बसवत, केळफुलाची शेपटी खोचत. फणसाची कोंबडी, अळंबीचे बदक. ज्या जिवांना न खाण्याचा नवस, त्यांचीच भुते ताटात मांडायची. पाहुणेही त्याच लायकीचे. नवऱ्याची थोरली बहीण लिउआत्या पहिला घास तोंडात टाकून डोळे मिटत आणि म्हणत, "वा, उयेन! हुबेहूब मासा गं!" म्हणजे मी सकाळपासून अंग झिजवून अळंबी कुटायची आणि शाबासकी मिळवायची माशाने!

लिउआत्यांचे माहेर, म्हणजे उयेनबाईंचे सासर, जुन्या राजघराण्याच्या कुठल्याशा बाराव्या फांदीवरचे. राज्य जाऊन जमाना लोटला, पण आत्यांची मान अजून मुकुट सांभाळल्यासारखी ताठ. एकदा त्यांनी मला पाहून विचारले, "हा खल जुना दिसतो गं?"

उयेनबाईंनी खरे सांगायला हरकत नव्हती. त्या म्हणाल्या, "जुना म्हणजे काय, वन्सं! राजवाड्याच्या मुदपाकखान्यातला आहे. राणीमातेनं माझ्या पणजीला दिला."

मित्रांनो, मी राजवाडा पाहिला आहे. नदीच्या अलीकडून, हातगाडीवरून, सोड्यांच्या पोत्यांमधून. त्या दिवसापासून माझ्यावर लाल कापड झाकले जाऊ लागले. दगडाला थुंकता येत नाही, हे त्या कापडाचे नशीब.

अशा या घरात क्वांगने बायको आणली. थोम तिचे नाव. आमच्याकडे त्याचा अर्थ सुवास. ती समुद्रावरच्या थुआन आनची. तिचा बाप रांजणांत मासे खारवून त्यांचा रस विकायचा. पहिल्याच दिवशी उयेनबाईंनी नाकाला रुमाल लावला.

"नाव सुवास आणि हाताला मासळी! सूनबाई, तू भाज्या धूत जा. राणीमातेच्या खलाला हात लावायचा नाही."

"भाज्यांना वास लागला तर, आई?" थोमने विचारले.

"भाज्या धुता येतात. घराण्याला लागलेला वास धुता येत नाही."

थोम भाज्या धुवायला बसली. पण दुपारी बाई झोपल्यावर तिने लाल कापड उचलले, माझ्यात नाक घातले आणि हसून माझ्या काठाला टिचकी मारली. "राणीमाता सोडे खायच्या वाटतं!" मासळीच्या घरातली पोर ती, तिला कळणारच. तिने कोणाला सांगितले नाही. भलेपणाने नाही. सासूच्या नाकावरच्या रुमालाकडे बघून रोज मनातल्या मनात हसायला मिळते, ती मजा तिला घालवायची नव्हती.

मग उयेनबाईंचे मनगट दुखू लागले. क्वांगने मिक्सर आणला. त्यात अळंबी गरम होऊन चिकट, सैल पडायची आणि उकडताना पानातून ओघळायची. काही महिने मी परसात पालथा पडून होतो. माझ्या पाठीवर कोंबडी बसायची, खरी कोंबडी, फणसाची नव्हे. शेवटी बाईंनी मला आत आणले आणि सुनेला म्हणाल्या, "तू कूट. पण कोणाला सांगू नकोस." त्यानंतर थोम कुटायची आणि कौतुक बाईंचे व्हायचे.

सातव्या महिन्याची पौर्णिमा आली. ती आईवडिलांची पौर्णिमा, मोठी पंगत. त्या आठवड्यात सतत पाऊस होता. एरवी बाई मला लिंबाने घासून उन्हात ठेवत, या वेळी ऊनही नव्हते आणि घासणेही राहिले. थोमने वाफाळती अळंबी तशीच माझ्यात ओतली. जुन्या दगडात कढत आणि ओले एकत्र पडले, की पोटातले सगळे वर येते.

लिउआत्यांनी घास घेतला आणि थांबल्या. "उयेन, याला सोड्यांचा वास येतोय."

उयेनबाईंचा चेहरा मला स्वयंपाकघरातून दिसत नव्हता, पण आवाज ऐकू आला. "सूनबाई! हात न धुता आलीस ना स्वयंपाकघरात? कितीदा सांगितलं, रक्तातली मासळी घासून जात नाही!"

थोम आत आली. मला उचलून तिने सरळ पंगतीत नेले, जेवणाच्या मेजावर आदळले आणि माझ्यात उकळते पाणी ओतले. वाफ उठली.

"हे माझे हात, आत्या. हुंगा." तिने दोन्ही तळवे पुढे केले. "आणि आता हा राणीमातेचा खल हुंगा."

कोणाला हुंगायची गरज पडली नाही. आख्ख्या दोंग बा बाजाराची ती ओळ माझ्या तोंडातून मेजावर आली होती.

उयेनबाई उभ्या राहिल्या. मला वाटले, आता बोलेल. ती जुनी उयेन आता तरी बोलेल. ती बोललीही. "म्हणजे तू माझ्या पाठीमागं यात सोडे कुटलेस! राणीमातेचा खल बाटवलास!"

थोमने नवऱ्याकडे पाहिले. क्वांग ताटातल्या माशाच्या मिरीच्या डोळ्याकडे पाहत होता. बत्त्याने मार खाताना दगडसुद्धा आवाज करतो. क्वांगने तेवढाही केला नाही. थोमने कपड्यांची पिशवी भरली आणि दुपारच्या बसने बापाकडे निघून गेली.

त्यानंतरच्या पौर्णिमेला पंगत झाली नाही. बाई एकट्याच माझ्यासमोर बसल्या. बत्ता उचलला आणि खाली ठेवला. क्वांग खोलीत तोंड पाडून बसलेला. दारातून त्या त्याला म्हणाल्या, "जा की तिला आणायला."

"काय सांगून आणू?" तो म्हणाला. एवढे एक शहाणपणाचे वाक्य त्याच्या नावावर मांडा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला टोपलीत घातले आणि थुआन आनची बस धरली.

अंगणात रांजणांची रांग होती आणि चटईवर सोडे वाळत होते. थोम मासे निवडत होती. ती उठली नाही.

"कशाला आलात?"

"खल द्यायला आले. तुझ्यामुळं बाटला, आता तूच ठेव."

इतक्या लांब येऊनही बाईंच्या तोंडून हेच निघाले! मला वाटले, टोपलीतून उडी मारून यांच्या पायावर पडावे, म्हणजे निदान एक बोट तरी मोडेल.

"ठेवा तिथं," थोम म्हणाली. "बसची वेळ होईपर्यंत सावलीत बसा. घराण्याला ऊन लागेल."

बाई बसल्या. थोमचा बाप पाणी देऊन कामाला लागला. शेजारची एक बाई येऊन त्यांच्या घरच्या खलात सोडे कुटत बसली. तिचा भुगा दमट होत होता, गोळे होत होते. उयेनबाई बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे करून चटईवरचे मूठभर सोडे उचलले, माझ्यात टाकले आणि बत्ता घेतला.

दुखऱ्या मनगटाने, मित्रांनो. पण शेवटचा झटका जसाच्या तसा. भुगा फुलून वर आला, कापसासारखा. शेजारीण आ वासून बघू लागली. थोमच्या हातातला मासा हातातच राहिला.

"आई, राजवाड्यात हे शिकवतात?"

"दोंग बा बाजारात."

"कोणी शिकवलं?"

"भुकेनं." बाई कुटतच होत्या. "हा खल माझाच. सोडेही माझेच. क्वांगला याच्यावरच वाढवला."

"मग माझ्या हातांच्या मागं का लागला होतात?"

बत्ता थांबला. "तुझ्या हातांना वास नव्हताच गं. माझ्याच नाकातून जात नव्हता. तू दारात उभी राहिलीस की मला ती ओळ दिसायची, आणि ओळीत बसलेली मी दिसायचे. वन्संसमोर मला ती नको होती."

थोमने मासा टोपलीत टाकला. तिचे डोळे भरले होते, पण शब्द कोरडे होते. "हे इथं सांगून काय उपयोग? इथं सगळ्यांनाच वास येतो. तिकडं सांगा. आत्यांसमोर."

"वन्सं उठून जातील."

"जाऊ देत. त्यांच्या वाटणीचा भात मी खाईन."

पुढच्या पौर्णिमेला थोम मला घेऊन परत आली आणि दोघींनी मिळून स्वयंपाक केला. नवसाच्या स्वयंपाकासाठी दा नांगहून नवा खल आणला होता. गोरापान, कोरा आणि ठार मूर्ख. मी कोपऱ्यात, कापडाशिवाय. थोमने सायीचा मासा करू दिला नाही. "आई, केळफूल केळफुलासारखं दिसलं तर मरतं का?" बाई रागावल्या, दोघी मिरीवरून भांडल्या, केळीच्या पानाच्या घडीवरून भांडल्या. पण त्या दिवशी ताटात प्रत्येक वस्तू स्वतःच्या चेहऱ्याने आली, आणि जेवण असे झाले होते की पाहुणे कशासारखे आहे हे सांगायचे विसरून नुसते जेवत राहिले.

लिउआत्यांनी मान वळवून विचारले, "आणि तो राणीमातेचा खल? शुद्ध केलास ना?"

उयेनबाईंनी वाढायचा डाव खाली ठेवला. "वन्सं, राणीमातेचा नाही तो. नवरा छावणीत आणि तुम्ही लांब गावाला असताना सुक्या मासळीच्या ओळीत बसून मी त्यात सोडे कुटून विकले. वास तेव्हाचा आहे. सुनेवर आळ घेतला तो खोटा. सगळ्यांसमोर घेतला, म्हणून सगळ्यांसमोर सांगते."

क्वांगने मान वर केली. त्याने उठून बायकोच्या ताटात आधी भात वाढला. उशीर फार झाला होता, तरी जमेस धरतो.

लिउआत्या उभ्या राहिल्या. "आमच्या घराण्याची सून मासळीबाजारात! आणि हे मी आज ऐकते!" त्या तडक निघाल्या. पण मित्रांनो, दारापर्यंत जाऊन त्या परत आल्या, केळीच्या पानात बांधलेली त्यांच्या नावची पुडी मेजावरून उचलली आणि मगच मान ताठ करून गेल्या. राजरक्त म्हणतात ते हेच असावे.

आता मी थोमच्या ताब्यात आहे. ती आणि क्वांग एरवी मासळी खातात, त्यांचे सोडे माझ्यात. बाईंचा नवस चालूच आहे, त्यांची अळंबी त्या गोऱ्या मूर्खात. एकाच ओट्यावर दोघी कुटत असतात आणि एकमेकींना घालूनपाडून बोलत असतात. "काय गं, म्हशीच्या पायानं कुटतेस की काय?" "तुमच्यासारखा बाजारी हात कुठून आणू, आई?" मग दोघी हसतात. त्या हसण्यासाठी मी तोंड उघडे ठेवतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी माझ्यासारखा असेल. त्याला राजवाड्यातला म्हणून कापडात झाकू नका आणि जुना म्हणून परसात पालथा टाकू नका. काम झाले की गरम पाण्याने धुवा, लिंबाने घासा, उन्हात ठेवा. कोणी विचारले तर त्यात काय काय कुटले ते खरे सांगा. दगडाला एवढे पुरते. माणसांचे काय करायचे ते मात्र मला विचारू नका. त्यांना घासायला लिंबू पुरत नाही.