अध्यक्षांच्या पुढे

पाचोऱ्यात पन्नाशी उलटलेला माणूस रस्त्यानं धावताना दिसला, की लोक हातातलं काम टाकून ओट्यावर येतात. त्या वयाचा माणूस उगाच धावत नाही. एकतर त्याची गाडी सुटत असते, नाहीतर घरात कुणाचं तरी जास्त झालेलं असतं. आणि तो स्टेशनच्या उलट दिशेला धावत असेल, तर विचारायचं एकच उरतं.

हिलालला हे चांगलं माहीत होतं. चैत्रात, भर दुपारी, तो अनवाणी अख्ख्या बाजारातून दवाखान्याकडे धावला होता. दवाखान्याला कुलूप होतं. डॉक्टर कुठल्याशा खेड्यावर गेले होते. त्या कुलपासमोर तो किती वेळ उभा राहिला ते त्याला सांगता आलं नसतं, पण उभा राहिला होता. मग तसाच धावत परत आला. तोवर त्याची बायको यशोदाबाई गेली होती.

त्यानंतर घर पहाटेपासून खायला उठायचं. हिलाल तीस वर्षं रेल्वेत गँगचा मुकादम होता. रोज रूळ तपासत सहा-सात मैल चालायचं. नोकरी संपली होती, पण पायांना ते कुणी कळवलं नव्हतं. एका पहाटे तो उठला आणि भडगावच्या रस्त्यानं धावत सुटला. छाती फुटेपर्यंत धावलं की डोक्यात काहीच शिल्लक राहत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. परत येताना मात्र शेण गोळा करणाऱ्या भागाबाईनं त्याला रस्त्यात अडवलं.

"काय व्हयनं, नाना? कोनले काय व्हयनं?"

"काही नही."

"काही नही ते मंग तोंड असं कसं?"

पुढे आणखी चौघांनी विचारलं. संध्याकाळपर्यंत गावात पक्कं झालं की हिलालची धुळ्याला दिलेली लेक लता अत्यवस्थ आहे. तिसऱ्या दिवशी अमळनेरहून साडू येऊन ओसरीवर तोंड पाडून बसला. त्याला चहा पाजून, कुणीही मेलेलं नाही अशी खात्री देऊन परत पाठवावं लागलं.

म्हणून हिलाल धाव मंडळात गेला.

पाचोरे प्रभात धाव मंडळ स्वातंत्र्यानंतर दुसऱ्याच वर्षी निघालं होतं. जळगावहून कुणी मोठे साहेब आले, राष्ट्राला दणकट पायांची गरज आहे असं बोलले, आणि त्याच सभेत रतिलाल शेठ अध्यक्ष झाले. शेठ कापसाचे व्यापारी. त्यांच्या पायांवर त्यांचं वजन नीट मावत नसे, पण अध्यक्ष दुसरा कोण होणार? मंडळात बावीस माणसं होती, त्यांपैकी एकोणीस पदाधिकारी. बिनपदाचे तिघेच: भाईदास शिंपी, पुना पानवाला आणि आता हिलाल. प्रत्येकाला छातीवर आडवा घालायला निळा पट्टा मिळे. हिलालला हवा होता तो हाच. पट्टा घालून माणूस धावला, तर गाव म्हणे, "मंडळ आहे," आणि पुन्हा आपल्या कामाला लागे. पट्टा म्हणजे धावण्याचा परवाना होता.

अडचण एवढीच होती की मंडळात धावता येत नसे.

कुणाच्या पुढे कुणी धावायचं हे ठरलेलं होतं. सर्वांत पुढे अध्यक्ष, मग उपाध्यक्ष, मग चिटणीस पंडित गुरुजी, मग खजिनदार, आणि पदं संपली की शेवटी साधे सभासद. वडीलधाऱ्या माणसाला पाठ दाखवून पुढे जाणं म्हणजे काय, हे कुणाला शिकवायला नको होतं. तरी गुरुजींनी त्याचं कलम करून ठेवलं होतं. शेठ ज्या गतीनं धावत, त्या गतीनं भरलेली बैलगाडी चढावर चालते. सारं मंडळ त्यांच्या मागं जागच्या जागी पाय हलवत राही. एकदा शेळ्यांचा कळप मंडळाला मागं टाकून पुढे गेला. त्यावर बैठक झाली, आणि शेळ्या सभासद नसल्यामुळे यात अध्यक्षांचा अवमान झालेला नाही, असं एकमतानं ठरलं.

हिलालनं मात्र त्यातून वाट काढली. पुढे जायला बंदी होती, मागं राहायला नव्हती. तो मुद्दाम मागं रेंगाळे. मंडळ दोन फर्लांग गेलं की जीव खाऊन धावत त्यांना गाठी, पुन्हा उलटा नाक्यापर्यंत जाई, पुन्हा गाठी. शेठांचा एक मैल होई तोवर हिलालचे चार होत. भाईदास म्हणे, "नाना, तुम्ही धावता का मंडळाला इस्त्री करता?" हिलाल हसे. त्याला दम लागलेला असे, आणि दम लागलेला असे तोवर सगळं ठीक असे.

हे पौषापर्यंत चाललं. मग भडगावचं आव्हान आलं.

भडगावलाही धाव मंडळ होतं. तिथले अध्यक्ष लीलाधर आबा, केळीचे मोठे बागाईतदार. त्यांनी चिठ्ठी पाठवली: भडगावच्या अलीकडे चौथ्या मैलाच्या दगडापासून भडगावच्या शाळेपर्यंत शर्यत करू, मामलेदारसाहेब फीत धरायला येतील, जिंकणाऱ्या मंडळाला चांदीचा पेला. शेठांनी बैठक घेतली.

"पेला आपल्याकडेच यायला पाहिजे," शेठ म्हणाले. "गावाची अब्रू आहे."

"येईल की," भाईदास म्हणाला. "हिलालनानांना सोडा पुढं."

पंडित गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"भाईदास, कपडा बेतताना आधी गळा कापता का तुम्ही? अध्यक्षांच्या पुढे हिलालराव? पाहुण्यांच्या देखत?"

"मग जिंकायचं कसं?"

"क्रमानं," गुरुजी म्हणाले. मग हिलालकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही त्या दिवशी मागं-पुढं करू नका. रांगेत राहा. रांग मोडाल तर पट्टा परत द्यावा लागेल."

हिलालनं पट्ट्यावर हात ठेवला आणि मान डोलावली. एका दिवसाचा प्रश्न होता.

शर्यतीच्या सकाळी चौथ्या मैलाच्या दगडापाशी दोन्ही मंडळं समोरासमोर आली आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की भडगावकरांचाही क्रम तोच होता. त्यांच्यातही पुढे आबा, मागं बाकीचे. आबांचं वजन शेठांपेक्षा पाच-दहा शेरच कमी असेल. हारतुरे झाले, नारळ फुटला, दोन भाषणं झाली. तोवर ऊन चढलं. मग शिट्टी वाजली आणि दोन रांगा शेजारी शेजारी निघाल्या, जशा दोन वराती एकाच गल्लीत आल्या असाव्यात.

शेठ आणि आबा बोलत बोलतच धावत होते. कापसाचा भाव, केळीवरचा रोग, आबांच्या नातीसाठी स्थळ. पहिल्या मैलाला पाणी झालं, दुसऱ्याला चहा. एक सायकलवाला दोनदा भडगावला जाऊन आला. हिलाल आपल्या रांगेत शेवटी होता. त्याला दम लागत नव्हता. दम लागत नसल्यामुळे डोकं रिकामं होत नव्हतं. डावीकडे कपाशीची शेतं होती, वेचणी संपत आलेली, आणि त्याला त्या शेतांकडे बघायचं नव्हतं. यशोदाबाई दर वर्षी वेचणीला जायची. तो पुढच्या भाईदासच्या टाचांकडे बघत राहिला.

शाळेपुढच्या मैदानात मामलेदारसाहेब दीड तासापासून उभे होते. फीत ताणून धरणारे शिपाई आळीपाळीनं हात बदलत होते. दोन्ही अध्यक्ष फितीपासून दोन हातांवर आले. लोकांनी टाळ्या वाजवायला हात वर केले. आणि शेठ थांबले.

"या आबा, तुम्ही व्हा पुढं."

आबाही थांबले. "छे छे, शेठ! तुम्ही आमच्या गावात पाहुणे. पाहुण्याच्या आधी आम्ही कसं जाणार?"

"पण तुम्ही वयानं मोठे."

"दोन वर्षांनी. ते काय मोठेपण! तुम्ही चला."

"मी जाणार नाही."

"मग मीही नाही."

दोघांनी एकमेकांच्या पाठीवर हात ठेवले आणि एकमेकांना पुढे ढकलू लागले. दोघंही जड असल्यामुळे कुणीच हललं नाही. मागं दोन्ही मंडळं क्रमानं उभी राहिली. मामलेदार घड्याळ बघू लागले. कुणीतरी सुचवलं की दोघांनी बरोबर जावं. त्यावर आधी उजवा पाय की डावा, यावर दोन्ही चिटणीसांची बोलणी सुरू झाली.

हिलाल उभा होता. डोक्यावर भर दुपारचं ऊन होतं. पाय तापले होते, पुढे वाट बंद होती, आणि करण्यासारखं काही नव्हतं. असंच उभं राहिलेलं होतं एकदा. समोर कुलूप होतं. त्याच्या हाताला त्या लोखंडाचा चटका पुन्हा बसला. पाच मिनिटं गेली असतील, दहा गेली असतील. मग मात्र त्याला एक क्षण उभं राहवेना.

तो रांगेतून बाहेर पडला. भाईदास ओरडला, "नाना, पट्टा!" पण नाना गेला होता. खजिनदार, चिटणीस, उपाध्यक्ष एकामागून एक मागं पडले. शेठ आणि आबांच्या मधून वाट नव्हती, म्हणून त्यानं बाजूनं वळसा घेतला, फीत छातीवर घेतली आणि तो थांबलाच नाही. फीत गळ्यात घेऊन मैदान ओलांडून, केळीच्या बागांमधून, गिरणेच्या पात्रापर्यंत गेला. तिथं वाळूत बसला. श्वास फुलला होता. डोक्यात काही नव्हतं.

तो परत आला तेव्हा पेला शेठांच्या हातात होता. "फीत तोडील तो पहिला," असं सांगून मामलेदारसाहेब जेवायला निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी तातडीची बैठक झाली. पेला टेबलावर होता आणि हिलाल समोर. पट्टा त्यानं घडी करून हातात धरला होता.

"मोठा पेच आहे," गुरुजी म्हणाले. "अध्यक्षांच्या पुढे धावले म्हणून यांना काढलं, तर पेला मंडळाबाहेरच्या माणसानं जिंकला असं होतं. मग पेला परत द्यावा लागेल."

"पेला परत द्यायचा नाही," शेठ म्हणाले.

"आणि यांना काढलं नाही, तर शिस्त जाते."

"शिस्त जाऊ द्यायची नाही."

गुरुजींनी रात्रभर विचार केला होता. त्यांनी कागद उलगडला. काल दुपारी सव्वाबारा ते साडेबारा या वेळात हिलालराव हे मंडळाचे अध्यक्ष होते, असा ठराव त्यांनी मांडला. अध्यक्षच सर्वांत पुढे धावतो. तेव्हा शिस्तही राहिली आणि पेलाही राहिला. टाळ्या पडल्या. शेठांनी स्वतः उठून हिलालला मिठी मारली.

हिलालला हायसं वाटलं. "म्हणजे पट्टा ठेवू ना?"

"साधा नाही," गुरुजी म्हणाले. "तुम्ही आता माजी अध्यक्ष. तुम्हाला जरीचा पट्टा. आणि कलम अकराप्रमाणे माजी अध्यक्षांना धावण्याचे श्रम द्यायचे नाहीत. तुमच्यासाठी मंडळाच्या मागं टांगा राहील."

हे कलम शेठांनी आपल्या पुढच्या सोयीसाठी घालून घेतलं होतं. ते अजून कुणावर लागू झालं नव्हतं.

"गुरुजी, मला टांगा नको. मला पळायचंय."

"मान आहे तो, हिलालराव."

"मग मी राजीनामा देतो."

"कशाचा? अध्यक्ष तुम्ही आता नाही आहात. जे पद तुमच्याकडे नाही, ते सोडणार कसं?"

रेल्वेत त्यानं बरेच साहेब पाहिले होते, पण असा कुणी भेटला नव्हता.

दोन दिवस तो टांग्यात बसला. टांगा चुडामणचा. घोडा मंडळाच्या मागं चालायचा म्हणजे घोड्याला वारंवार उभं राहावं लागे. हिलाल जरीचा पट्टा घालून गादीवर बसे, आणि पहाटेच्या त्या अर्ध्या तासात घरात जे जे व्हायचं ते सगळं टांग्यात होऊ लागलं. चूल पेटल्याचा आवाज, यशोदाबाईच्या बांगड्या, भाकरी थापल्याचा आवाज. दुसऱ्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी मंडळ कापसाच्या जिनिंगच्या फाटकातून निघालं आणि हिलाल टांग्यातून उतरला.

"काय व्हयनं?" चुडामणनं विचारलं.

"तू जाय मंडळना मांगे. मी जास तथा." त्यानं भडगावच्या रस्त्याकडे हात केला आणि धावत सुटला. मागून कुणीतरी "माजी अध्यक्ष! माजी अध्यक्ष!" अशी हाक मारली. त्यानं मागं पाहिलं नाही. विचारणारे विचारू देत. साडूला येऊ दे अमळनेरहून.

पण थोड्या वेळानं मागं टापा वाजू लागल्या. चुडामण रिकामा टांगा घेऊन येत होता.

"कसाले येस रे?"

"मी काय करू, नाना? ठरावमा लिखेल शे, टांगा माजी अध्यक्षना शे. तुम्ही जथा, टांगा तथा."

जकात नाक्यावरचा कारकून खिडकीतून डोकावला. पुढे जरीचा पट्टा घातलेला म्हातारा धावतो आहे, मागं रिकामा टांगा. त्यानं तोंड उघडलं, टांग्याकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं सलाम केला. एवढा थाट असेल तर काहीतरी सरकारी असणार.

हिलाल धावला. जिनिंगच्या भिंती गेल्या, नाका गेला, कपाशीची शेतं आली. आज त्याला कुणी अडवणार नव्हतं, आणि दिवस उगवेपर्यंत तो धावलाच असता. पण तिसऱ्या मैलाला मागच्या टापा अडखळू लागल्या.

"नाना, जराखा धीरे! घोडा थकी गया. त्याले सवय नही ऱ्हायनी. दोन दिवस शेठना मांगे चालीसन पाय बांधाई ग्यात त्याना."

हिलाल थांबला. वळून घोड्यापाशी आला. घोड्याच्या तोंडाला फेस आला होता, बरगड्या वर-खाली होत होत्या. रस्त्याच्या कडेला विहीर होती आणि विहिरीजवळ गुरांना पाणी पाजायचा हाळ, अर्धा भरलेला.

"लतानी माय ऱ्हाती," हिलाल म्हणाला, "ते ती पहिले घोडाले पानी पाजती. मंग तुले शिव्या देती."

"आनि तुम्हले?"

"माले भी. माले ते रोजच देये."

चुडामण हसला आणि घोडा सोडू लागला. हिलालनं लगाम हातात घेतला. दोघं घोड्याला घेऊन हाळाकडे चालत गेले, आणि घोडा पाणी पीत होता तोवर हिलाल बोलत राहिला, ती भाकरी कशी करायची, वेचणीला कुणाशी भांडायची, तो भराभर जेवायला लागला की ताट कसं ओढून घ्यायची.