निर्जन बेटावरचा दिवा आणि ज्योतीनाथांची पिशवी

जपानातल्या ग्योतोकु स्टेशनजवळच्या एका इमारतीच्या हॉलमध्ये दर रविवारी भल्या सकाळी पन्नासेक मराठी माणसं भिंतीवरच्या पडद्यापुढे हात जोडून बसायची. एरवी सुट्टीच्या दिवशी दहाच्या आत न उठणारी हीच माणसं! पडद्यावर कॅरिबियन समुद्रातलं एक खडकाळ बेट थेट दिसायचं. त्यावर जुनं दगडी दीपगृह. माणूस तर सोडाच, शेळीसुद्धा नाही.

"तेल कोण घालतं? वात कोण लावतं?" ज्योतीनाथ महाराज विचारायचे.

"आपणच, महाराज!" सगळे ओरडायचे. त्यात तोयोसुच्या ऑफिसात मोठमोठ्या संगणकयंत्रणा सांभाळणारा माझा नवरा धीरज सर्वांत पुढे.

महाराज दोन्ही हात वर करत आणि ते तसेच ठेवत. बेटावर अंधारून आलं, की दिवा लागे. मग ते गरजत, "पेट, ज्योती, पेट!" दिवा आधी आणि गर्जना नंतर, हे कुणाच्या डोक्यात येत नसे. उशीर झाला आणि हात थरथरू लागले, की महाराज माझ्याकडे बघून म्हणत, "इथे कुणाच्या तरी मनात शंका आहे." दीपगृहाच्या गच्चीवर काळ्या चकचकीत पाट्या दिसत होत्या. ते म्हणे शनीचं आसन! यावर चार इंजिनियर माना डोलावत.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण माझ्या सासूबाईंना काचबिंदू आहे. पडद्यापुढे ठेवलेलं पाणी महाराजांनी तीर्थ म्हणून दिलं आणि आईंनी डॉक्टरांचे थेंब बंद करून ते डोळ्यांत घालायला सुरुवात केली. मागच्या तपासणीत डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला.

"ज्ञानदा, तुझा विज्ञानावर विश्वास, माझा महाराजांवर," आई म्हणाल्या. धीरजनं तीर्थाची बाटली त्यांच्या हाताशी ठेवली. मला दोघांचाही भयंकर राग आला होता.

त्या रविवारी हॉलमध्ये शिरताना मला महाराज दिसले. निर्माल्य, नारळाच्या शेंड्या, प्लास्टिकच्या बाटल्या, सगळं एकाच पिशवीत कोंबून ते कचऱ्याच्या खोलीत ठेवत होते. जपानात राहणाऱ्याला सांगायला नको, कचरा वेगवेगळा न करणं हा केवढा गुन्हा! मी इमारतीच्या कचऱ्यावर नजर ठेवणाऱ्या ओनो-आजोबांना शोधलं आणि पिशवीकडे नुसतं बोट दाखवलं.

आजोबांनी कमरेत वाकून महाराजांना नमस्कार केला आणि पिशवी उघडून त्यांच्यासमोर ठेवली. महाराज हात वर करून आशीर्वाद द्यायला लागले. आजोबांनी त्या हातात कचरा वेगळा करायला रबरी हातमोजे दिले.

इकडे हॉलमध्ये बेटावर संध्याकाळ उतरत होती. "महाराज कुठे आहेत?" कुजबूज सुरू झाली. एवढ्यात पडद्यावर दिवा लागला.

 माझी लेक मैत्रेयी जपानीत ओरडली, "त्सुइता! लागला! ममा, महाराज नसताना पण लागला!"

तेवढ्यात घामाघूम महाराज धावत आले. पडद्याकडे पाठ, बोटांना नारळाच्या शेंड्या चिकटलेल्या. दोन्ही हात उंचावून ते गरजले, "पेट, ज्योती, पेट!"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांनी वळून पडद्याकडे पाहिलं. "मी बाहेरूनच संकल्प केला होता," ते म्हणाले.

"बरं," आई सावकाश उठल्या. "मग आता विझवून दाखवा."

"ज्योत विझवणं पाप असतं, माताजी."

 मी आईंचा हात धरून त्यांना दारापाशी नेलं. बाकीचेही मागून आले. तिथे सायकलींच्या स्टँडवर एक दिवा होता आणि त्याच्याखाली काचेचा छोटा डोळा. बाहेर लख्ख ऊन होतं.

"आई, त्या काचेवर तळवा ठेवा."

त्यांनी ठेवला. जरा वेळानं दिवा लागला. तळवा काढल्यावर थोड्या वेळानं विझला. त्यांनी पुन्हा करून पाहिलं.

"उजेड गेला, की हा डोळा दिवा लावतो," मी म्हणाले. "बेटावरही तसंच आहे. त्या काळ्या पाट्या दिवसा उन्हापासून वीज तयार करतात आणि ती बॅटरीत साठते. आपल्याकडे सकाळ असते तेव्हा तिथे संध्याकाळ होते, म्हणून कार्यक्रम सकाळी. आणि धीरज, तू घोरत असताना तुझे प्रोग्रॅम रात्रभर आपोआप चालतात. तिथे कोणते महाराज बसवले आहेस?"

धीरज पुरता ओशाळला. "रोज हेच काम करतो गं मी," तो पुटपुटला. महाराज शाल सावरत स्टेशनकडे सटकू लागले, पण ओनो-आजोबा उरलेल्या बाटल्या घेऊन त्यांच्या मागोमाग निघाले होते.

घरी आल्यावर आईंनी तीर्थ बेसिनमध्ये ओतलं आणि थेंबांची बाटली माझ्या हातात दिली. मान मागे टाकून त्या म्हणाल्या, "कडेचं दिसायचं जरा कमी झालंय. ते येईल का परत?"

"नाही, आई. गेलं ते गेलं. उरलेलं सांभाळू."

त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं ओघळलं ते औषध होतं की पाणी, मी विचारलं नाही. तुम्हाला मात्र विचारते: कुणापुढे हात जोडण्याआधी तोच हात एकदा त्या काचेवर ठेवून बघाल का?