बटन कधी दाबायचं

प्रबुद्धने पाना फेकला. तो शटरवर आदळून खाली पडला, आणि जिनेश बोलता बोलता थांबला.

"बाटली कुठनं आणली?"

"भाऊ, आधी गाडी तरी बघा."

"गाडी बघितली. बाटली कुठनं आणली?"

गॅरेजच्या दारात लाल गाडी उभी होती. वीस वर्षांपूर्वीची, त्या काळी नुसत्या पळण्यासाठी नाव असलेली. नारायणगावात चंपालाल शेठचं कापडाचं दुकान आहे, जिनेश त्यांचा नातू. गाडी त्याने जुनी घेतली, रंग दिला, आणि आता डिकीतून निळी बाटली काढून पुढे ठेवली. नायट्रसची. बटन दाबलं की हा गॅस इंजिनात शिरतो, आणि दहा सेकंद गाडी आपल्या वयाची राहत नाही.

"पुढच्या महिन्यात शर्यत आहे. बंद धावपट्टीवर, रस्त्यावर नाही," जिनेश म्हणाला. "बसवून द्या एवढी."

आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायचं. एकात जरी कमी भरलं, तर—

हे प्रबुद्ध बोलला नाही. तो म्हणाला, "स्मशानात नेऊन बसव."

"ठीक आहे. चाकणला एक जण आहे. दुपारपर्यंत देतो म्हणतो."

हेच वाक्य. दोन वर्षांपूर्वी, याच दारात, दुसऱ्या पोराच्या तोंडून. प्रबुद्धने बाटली उचलली. मानेशी काळी पडलेली होती. अंगठ्याने धूळ पुसली तर खाली स्टिकर निघाला, अर्धा जळालेला: शिंगं, एक डोळा, आणि 'बाव'. पुढची अक्षरं नव्हती. ती त्याला वाचायची गरज नव्हती. बावऱ्या. अवसरीच्या हौशीरामांचा शर्यतीचा बैल.

त्यांच्या मुलाची, सार्थकची बाटली.

"ही हितंच राहील," तो म्हणाला. "आन् तूबी जायाचं न्हाईस कुठं."

"अहो, पण माझी आहे ती!"

प्रबुद्ध ऐकत नव्हता. झडप बंद आहे ना, हे त्याने दोनदा पाहिलं. गोणपाट भिजवलं, बाटली गुंडाळली, मोटारसायकलवर आवळून बांधली. एप्रिल होता.

बाटली तापू द्यायची न्हाई. उन्हात न्हाई, शेगडीपाशी न्हाई. ती तापली की दाब चढतो, आन् मग—

हे तो हेल्मेटच्या आत बोलला. ऐकायला कोणी नव्हतं. मंचर ओलांडेपर्यंत तो हौशीरामांना शिव्या जुळवत होता. पोरगं भाजलं त्या बाटलीने, आणि तीच दुसऱ्याच्या पोराला विकली. थोडी तरी लाज.

अवसरी बुद्रुकच्या त्या गल्लीत तो दोन वर्षांत फिरकला नव्हता.

गोठ्यात सार्थक होता. डाव्या हाताने बावऱ्यापुढे कडबा टाकत होता. उजव्या हाताला दोन बोटं मोकळी, बाकीची एकमेकांना चिकटून एक झालेली. मान एका बाजूने तकतकीत, ताणलेली.

"हौशीरामतात्या कुठायत?"

"ओझरला. चतुर्थी हाय आज." सार्थकने गोणपाटाकडे पाहिलं. "आणलीत व्हय?"

"तात्यांनी विकली ही?"

"मी दिली. विकली न्हाई." तो हसला. "चहा टाकू का? दोन बोटांनी बी लई भारी चहा व्हतो आता."

"सार्थक, टाळकं फिरलंय का तुझं? स्वतःचा हात बघ! ते पोरगं उद्या—"

"ते पोरगं माझ्याकडं इचारायला आलं, नवी मागवणारच व्हतं. म्हनलं, माझी ने. अट एकच. प्रबुद्धभाऊकडं न्यायची, आन् न्हाई म्हनले तरी त्यांच्यापुढं काढून ठेवायची." त्याने स्टिकरवर बोट ठेवलं. "वळखली ना?"

"मी न्हाई म्हनलो. तवाबी न्हाईच म्हनलो व्हतो! मग माझं काय चुकलं?"

"न्हाई म्हनलास ते बरोबर व्हतं."

आजवर सार्थक त्याला 'तुमी' म्हणत आला होता.

"पन तुला म्हाईत व्हतं, भाऊ. सगळं. फेऱ्यांचा काटा अडीच हजारावर असतानाच मी बटन दाबलं. बसवणाऱ्यानं सांगितलंच न्हाई कधी दाबायचं, त्याला बी म्हाईत नसंल. तुला व्हतं. आन् तू मला स्मशानात धाडलंस. शिवी ऐकून कोन घरी बसतं व्हय?"

बावऱ्याने मान हलवली. घुंगरं वाजली. प्रबुद्ध मोटारसायकलपाशी गेला. गोणपाट एव्हाना वाळलं होतं. त्याने बाटली सोडली, उचलून गोठ्याच्या सावलीत आणली, आणि आडवी ठेवून दोन्ही बाजूंना दगड लावले. मग तिथेच उभा राहिला.

सार्थक चहा टाकायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणगावला गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं, आणि आतल्या बाजूने प्रबुद्ध त्यावर खडूने लिहीत होता. राग तसाच होता. खडू दोनदा मोडला. जिनेश स्टुलावर बसला होता. बॉनेटवर प्रबुद्धचा फोन उताणा पडला होता, स्पीकर चालू.

"तिसरं सिलिंडर कमी भरतंय. मोजलंय मी. या इंजिनात गॅस सोडला तर पिस्टन जाईल, मग तू. आधी इंजिन उतरवायचं."

"मग शर्यत?"

"पुढच्या साली."

"चाकणवाला म्हणतो—"

"जा की चाकणला! मी काय बांधून घातलंय तुला? पन हे ऐकल्याबिगर जायाचं न्हाई." खडू शटरवर करकरला. "गॅसबरोबर पेट्रोल जादा लागतं, पंप तेवढा पुरा पडला पायजे. नुसता गॅस गेला तर पिस्टन वितळतो. प्लग थंड जातीचे. ठिणगीचं टायमिंग मागं घ्यायचं. बाटली पट्ट्यांनी आवळायची, तिची दाब सोडायची नळी गाडीच्या भायेर काढायची, न्हाईतर आत गळली तर काचा बंद गाडीत जीव गुदमरंल. शर्यत संपली की झडप बंद. लगीच."

जिनेशने खिशातून गाडीची किल्ली काढली. थोडा वेळ हातात फिरवली. मग बॉनेटवर, फोनशेजारी ठेवली.

"बटन," फोनमधून सार्थकचा आवाज आला. "बटनाचं सांग."

प्रबुद्धची पाठ त्यांच्याकडे होती.

"ॲक्सिलरेटर पुरता दाबलेला पायजे. आन् काटा तीन हजाराच्या वर. तसा स्विचच बसवायचा, हातावर ठेवायचं न्हाई. त्याच्या आत दाबलं—"

खडू थांबला. अवसरीच्या गोठ्यात घुंगरं वाजली, ती इथे ऐकू आली.

"बोल की," सार्थक म्हणाला. "त्याच्या आत दाबलं, तर?"